पायांची हवालदार

मुलांनो, घटकाभर डोळे मिटा आणि अशी कल्पना करा, की तुमचे पाय मुके झाले आहेत. चालता येतं, धावता येतं, पण तळव्याखाली काय आहे ते पाय तुम्हाला सांगतच नाहीत. उन्हाने तापलेल्या कातळावर उभे राहिलात, तरी पाय गप्प. करवंदीचा काटा रुतला, तरी गप्प. चपलेत खडा शिरला आणि दिवसभर टोचत राहिला, तरी गप्पच. तुम्ही हसतखेळत घरी येता आणि मागे जमिनीवर लाल ठिपके उमटत आलेले असतात. ते तुमचेच आहेत, हे दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागतं.

आता डोळे उघडा. असे पाय असलेले एक आजोबा वेळणेश्वरच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उंच माळावर, पंचवीस-तीस घरांच्या एका वाडीत राहतात. त्यांचं नाव भिवा. अठरा वर्षं सैन्यात काढून ते नायक म्हणून निवृत्त झाले. बर्फातल्या ठाण्यांवर चढून-उतरून आलेले त्यांचे पाय पुढे साखरेच्या आजाराने हळूहळू मुके केले. डॉक्टरांनी बजावलं होतं, "रोज तळवे बघायचे. एक दिवसही चुकवायचा नाही." पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला वाकून स्वतःचा तळवा कसा दिसणार? म्हणून त्यांनी ती कामगिरी नातीवर सोपवली. नात करुणा, अकरा वर्षांची, सहावीतली.

रोज दिवेलागणीला, करुणाची आई नंदा आत भाकऱ्या थापत असली की पडवीतून आरोळी यायची.

"फूट इन्स्पेक्शन!"

करुणा असेल तिथून धावत यायची. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात आईच्या जुन्या पावडरच्या डबीतला गोल आरसा. आजोबा बाकावर ताठ बसायचे, पाय पुढे करायचे. ती खाली उकिडवी बसून बोटांच्या बेचक्यांत उजेड टाकायची, टाचेखाली आरसा धरायची, भेगांवरून अंगठा फिरवायची.

"रिपोर्ट!"

"उजवा पाय. पाच बोटं हजर. टाचेला एक भेग, जुनी. रक्त नाही, सूज नाही."

"डावा?"

"डावा पाय. पाच बोटं हजर. करंगळीचं नख वाढलंय."

"शाबास, हवालदार!" म्हणत आजोबा तिला कडक सॅल्यूट ठोकायचे.

ही पद्धत आजोबांनी सैन्यातून आणलेली. लांबची कूच संपली की तिथे नायकाने आपल्या प्रत्येक जवानाचे पाय तपासायचे असतात. फोड आला का, नख दुखावलं का. "गोळी बोट चालवतं," आजोबा सांगायचे, "पन त्या बोटाला तिथवर नेतं कोन? पाय!" आणि मग डोळा मिचकावून म्हणायचे, "मी नायक, तू हवालदार. म्हंजे तू माझ्यावरची साब हायस. मला रागवायचंस पन."

तपासणी संपली की त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी निघायची. तिच्यात भाजलेले काजूगर, मोजून पाच. ते करुणाचे. तिच्या वर्गात कुणाकुणाचे आजोबा होते, पण दुसरं कुणी आपल्या आजोबांपेक्षा वरच्या हुद्द्यावर नव्हतं.

असं सगळं छान चाललं होतं. आणि मग शनिवारची गाडी सुरू झाली.

त्याआधी औषधासाठी रत्नागिरी गाठायची म्हणजे दिवस मोडायचा. पहाटेची एसटी, मग तवसाळची फेरीबोट, खाडी ओलांडून जयगड, तिथून दुसरी एसटी. परत येईतो काळोख. दहा वेळा ठरवून आजोबा चार वेळा जायचे. वाडीतल्या बाकीच्या माजी सैनिकांचंही तेच. म्हणून फेब्रुवारीपासून माजी सैनिकांच्या दवाखान्याची गाडीच वाडीत यायला लागली, एक शनिवार सोडून एक. गाडी वाडीतल्या बुद्धविहारासमोरच्या मोकळ्या जागेत उभी राहायची आणि विहाराच्या ओट्यावर डॉक्टरसाहेबांचं टेबल लागायचं.

वाडीतल्या म्हाताऱ्यांनी त्या दिवसाला नाव दिलं होतं, सिक परेड. छावणीत आजारी जवानांनी सकाळी रांगेत उभं राहायचं, त्याला म्हणतात सिक परेड. इथेही ते हुद्द्याप्रमाणे उभे राहायचे, इस्त्रीचा शर्ट आणि पॉलिश केलेले बूट घालून. सगळ्यांत पुढे काशीराम सुभेदार, मग बाकीचे, मग भिवा आजोबा, आणि शेवटी चिमाआजी. चिमाआजींचे यजमान लान्स नायक होते, त्यांच्या माघारी त्या स्वतःच्या गुडघ्यांसाठी यायच्या.

गंमत अशी, की या परेडमध्ये कुणीच आजारी नसायचं. डॉक्टरांनी विचारलं "कसं आहे?" की सुभेदार छाती काढून म्हणायचे, "सब ठीक है, साब!" मग त्यांच्यामागचा म्हणायचा, "सब ठीक है, साब!" कारण छावणीत जो वारंवार सिक परेडला उभा राहील त्याला कामचुकार म्हणत. डॉक्टर त्याच्या कागदावर 'एम अँड डी' लिहून मोकळे होत. म्हणजे औषध घ्या आणि ड्युटीवर चालते व्हा. सैन्य सुटून तीस वर्षं झाली तरी ती लाज सुटली नव्हती.

"सगळे ठीक हायत, तर गाडी काय डिझेल जाळायला आली?" चिमाआजी मागून म्हणायच्या. "साहेब, माजा एकटीचा गुडगा मोडलाय बगा. ह्या सगळ्यांचा मिळून!"

आता मार्चच्या पहिल्या शनिवारची गोष्ट. त्या दिवशी गाडीतून एक नवीन सिस्टर उतरली. ऋजुता तिचं नाव. पांढरा कोट, पाठीवर लांब वेणी, आणि हसली की गालाला खळी. करुणा आजोबांच्या शेजारी उभी होती. हातात बॅटरी, खिशात आरसा. नवीन सिस्टर पाय तपासणार असं कळलं होतं, तेव्हा पायांची हवालदार हजर हवीच.

सिस्टरने एका पेनासारख्या दांडीला लावलेला नायलॉनचा जाड दोरा काढला, मासे धरायच्या गळाला असतो तसा.

"आजोबा, डोळे मिटा. मी तळव्याला दहा ठिकाणी हा दोरा टेकवणार. कळलं की 'हो' म्हणायचं."

"यस म्हनू?"

"यस म्हणा. माझे बाबापण यसच म्हणतात. सुभेदार होते ते, साताऱ्याला असतात."

"सुभेदारांची पोरगी!" आजोबांचा चेहरा दिव्यासारखा उजळला. "मंग तर तुमी पन साबच!" आणि त्यांनी बसल्या बसल्या तिला कडक सॅल्यूट ठोकला.

करुणा बघतच राहिली. सॅल्यूट तिला मिळायचा. फक्त तिला.

सिस्टर दोरा टेकवू लागली. आजोबा डोळे मिटून बसले. "यस... यस... यस..." दहाच्या दहा.

"अरे वा, दहापैकी दहा! तुमचे पाय एकदम छान आहेत, आजोबा. घरी रोज कोण बघतं?"

करुणाने मान ताठ केली. बॅटरी छातीशी धरली. आता नाव येणार.

आजोबांनी एक डोळा उघडून काशीराम सुभेदारांकडे पाहिलं. सुभेदार ऐकत होते. आजोबा घसा खाकरून म्हणाले, "मीच बगतो की. दुसरं कोन बगनार?"

करुणाला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नसेल. पण सिस्टरने कागदावर तसंच लिहिलंसुद्धा. मग तिने गाडीतून मऊ तळाचे काळे सँडल आणून आजोबांना दिले आणि म्हणाली, "यापुढे पायांची काळजी माझ्याकडे. बाहेर हेच घालायचे." आजोबांनी खूश होऊन खिशात हात घातला आणि पुडी काढली. कागदाची पुडी. तिच्यात मोजून पाच काजूगर.

"घ्या, साब. आमच्या झाडाचे."

"अय्या, आत्ताच भाजलेत वाटतं!" सिस्टर म्हणाली आणि एक तोंडात टाकला.

करुणा मोजत होती. एक. दोन. पाचवा काजूगर सिस्टरच्या तोंडात गेला, तेव्हा ती वळून घरी चालू लागली होती.

त्या संध्याकाळी पडवीतून आरोळी आलीच नाही. करुणा बॅटरी मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसून राहिली. शेवटी आजोबाच म्हणाले, "आज सुट्टी, हवालदार. सिस्टरनं बगितलंय. दहापैकी दहा!" मग इकडे तिकडे बघून ते हळूच हसले. "खरं सांगू? काय पन कळलं नाय मला. पन पोरगी ठेक्यात टोचते गो. एक-दो-तीन, यस! एक-दो-तीन, यस! अठरा वर्षं परेड केलेला मानूस मी, ठेका चुकीन होय?"

एरवी करुणा पोट धरून हसली असती. आज हसली नाही.

"पोरगी हुशार हाय हो पन," आजोबा सँडल उलटसुलट करून बघत म्हणाले. "हात किती हलका!"

ज्याला काही कळलंच नाही, त्याला हात हलका होता हे कसं कळलं? करुणाने मनात विचारलं, पण ओठ दाबून धरले.

दुसऱ्या दिवशी मात्र आरोळी आली. "फूट इन्स्पेक्शन!"

"मला अभ्यास आहे," करुणा आतून म्हणाली.

तिसऱ्या दिवशी आजोबांनी नुसतं खाकरून बघितलं. तिने पाढे मोठ्याने म्हणायला सुरुवात केली. चौथ्या दिवसापासून ते खाकरलेही नाहीत. दोघं एकाच मातीची. तिला वाटत होतं, आजोबांनी येऊन म्हणावं, "चुकलं माझं, हवालदार." आजोबांना वाटत होतं, पोर मोठी झाली, पाय बघायचा कंटाळा आला असेल, बिचारीला कशाला जुंपा.

मुलांनो, मत्सर असा असतो. तो भांडत नाही, ओरडत नाही. तो पाढे म्हणत बसतो.

करुणाला आता त्या सिस्टरचं सगळंच खुपत होतं. आजोबा शेजाऱ्यांना सँडल दाखवायचे, "आमच्या सिस्टरनं दिल्यात." 'आमच्या' म्हणताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा. जेवताना आई म्हणाली, "आजोबा, भात कमी घ्या," तर म्हणाले, "सिस्टर पन तेच म्हनाली." आई वर्षभर हेच सांगत होती, पण 'नंदा पन तेच म्हनते' असं ते कधी म्हणाले नव्हते. रविवारी बाबा, म्हणजे विनोद, लोटे गावच्या कंपनीतून सुट्टीवर आले तेव्हा त्यांनाही सिस्टरचंच पुराण. करुणाने आरशात बघून वेणी घालून पाहिली. तिचे केस जेमतेम खांद्यापर्यंत. मग तिने तो आरसा डबीत ठेवला आणि डबी कपाटात टाकली.

दिवस काजूंचे होते. आजोबा सकाळीच बागेत जायचे, पिकलेली बोंडं वेचायचे आणि बिया वेगळ्या करायचे. पायांत नवे सँडल. कातळाचे बारीक खडे त्या मऊ तळात रुतून बसत. मुक्या पायाला त्याचं काय!

बारा दिवसांनी, गुरुवारी, करुणा शाळेतून आली तेव्हा आजोबा नुकतेच बागेतून येऊन, सँडल पायरीशी काढून, पायांवर पाणी ओतून आत गेले होते. पडवीच्या लादीवर ओल्या पावलांचे ठसे होते. उजवा. डावा. उजवा. डावा. आणि प्रत्येक डाव्या ठशात, बोटांच्या जरा मागे, पाच रुपयाच्या नाण्याएवढा एक तांबूस डाग होता.

करुणा जागच्या जागी उभी राहिली. तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ती तळपायांचा नकाशा ओळखत होती.

आजोबा! ती हाक मारणारच होती. आणि तेवढ्यात आतून आवाज आला. आजोबा कुणाशी तरी फोनवर बोलत होते, "नाय, नाय, शनिवारी येतेच की आमची सिस्टर. ती सगळं बगते."

करुणाने हाक मारली नाही.

बघते ना सगळं? मग बघू दे तिला. हा डागही तिलाच दिसू दे. दिसला नाही तर आजोबांना कळेल, खरी हवालदार कोण ते.

करुणाने दप्तर खाली ठेवलं. आणि आई यायच्या आत, तिने आपल्या पायाने ते डाग एकेक करून पुसून टाकले.

त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. शुक्रवारी ती आजोबांच्या पायांकडे बघत नव्हती. बघायचं नाही असं ठरवलेल्या गोष्टीकडे न बघणं किती अवघड असतं, हे तिला तेव्हा कळलं.

शनिवार उजाडला. विहारासमोर गाडी आली. आजोबांनी सँडल नव्हते घातले. परेडला चपला चालत नाहीत. काळे बूट, जाड मोजे, नाड्या घट्ट. करुणा सिस्टरपासून लांब, ओट्याच्या खांबाला टेकून उभी राहिली. तिचा आरसा तिच्या खिशात होता. तो कपाटातून का काढला, तिचं तिलाच माहीत नव्हतं.

त्या दिवशी घाई होती. घाटात गाडीचं चाक पंक्चर झाल्याने उशीर झालेला, आणि तीनच्या फेरीबोटीला परत जायचं होतं. डॉक्टरसाहेब भराभर रक्तदाब बघत होते. सुभेदार सब ठीक. त्यांच्यामागचे सब ठीक. आजोबांची पाळी आली.

"कसे आहात, आजोबा?" सिस्टरने विचारलं.

"सब ठीक है, साब!"

"आणि पाय?"

"एकदम फर्स्ट क्लास."

सिस्टरने कागद चाळला, घड्याळ पाहिलं. "मागच्या वेळी दहापैकी दहा होते तुमचे. बूट काढायला नकोत, आज राहू दे. पुढच्या खेपेला बघू." आणि तिने हाक मारली, "पुढे कोण? चिमाआजी!"

झालं. करुणाला जे हवं होतं ते झालं होतं. सिस्टरला दिसलं नव्हतं. आता फक्त घरी जायचं आणि वाट बघायची. पंधरा दिवस.

पंधरा दिवस!

तिच्या डोळ्यांसमोर पडवीतले ठसे आले. उजवा, डावा, उजवा, डावा. मग तिला वाटलं, पुढे कधीतरी त्या लादीवर फक्त उजवाच ठसा उमटायला लागला तर?

आजोबा बूट वाजवत ओट्यावरून उतरत होते. चिमाआजी गुडघ्याचं रडगाणं सांगत होत्या. आणि करुणा खांब सोडून चिमाआजींच्या मागे, रांगेत जाऊन उभी राहिली.

"तू कशाला गो आली इथं?" चिमाआजींनी वळून विचारलं. "तुला पन पेन्शन लागली काय?"

रांगेतले म्हातारे हसले. करुणा हसली नाही. पाळी आली तशी ती टेबलासमोर दोन्ही टाचा जुळवून उभी राहिली.

"काय गं, तुला काय होतंय?" सिस्टरने विचारलं.

"रिपोर्ट," करुणा म्हणाली. आवाज चिरका निघाला, म्हणून तिने पुन्हा म्हटलं. "रिपोर्ट. नायक भिवा. डावा पाय. पाच बोटं हजर. बोटांच्या मागे जखम. रक्त आहे. गुरुवारपासून."

आजोबा पायरीवरच थांबले.

"करुणा! चूप!" ते गरजले. एवढ्या मोठ्याने ते तिच्यावर कधीच ओरडले नव्हते. "काय पन बोलते, साब. पोरखेळ हाय."

पण सिस्टर उठली होती. तिने आजोबांना पायरीवरच बसवलं, त्यांच्यापुढे मातीत गुडघे टेकले आणि नाड्या सोडल्या. बूट निघाला. मोजा मात्र निघेना, तो तळव्याला चिकटला होता. सिस्टरने त्यावर पाणी ओतून तो हळूहळू सोडवला. खाली गोल, ओली, काळपट कडांची जखम होती. आजोबा वाकून बघत होते. त्यांना त्यातलं काहीच दुखत नव्हतं, आणि त्यामुळेच त्यांचा चेहरा घाबरला होता.

डॉक्टरसाहेबांनी जखम नीट तपासली. "आत उतरलंय, पण हाडापर्यंत नाही गेलेलं. आज सापडलं म्हणून हे सांगू शकतो. पंधरा दिवसांनी सांगू शकलो नसतो. आत्ता आमच्याबरोबर रत्नागिरीला यायचं. पाच-सहा दिवस राहावं लागेल."

"एम अँड डी लिहा ना साब," आजोबा पुटपुटले. "औषध घेतो आनि..."

"भिवा!" काशीराम सुभेदारांचा आवाज आला. "ॲडमिट म्हंजे ॲडमिट. हुकूम हाय." आणि मग, मुलांनो, त्या वाडीत कुणी न पाहिलेली गोष्ट घडली. सुभेदार स्वतः ओट्याच्या कडेला बसले आणि आपल्या बुटांच्या नाड्या सोडू लागले. "सिस्टर, तेवढे माझे पन बगा. मला... उजव्याला हल्ली कळत नाय. वर्ष झालं."

त्यांचं बघून मागचेही एकेक करून खाली बसले. ओट्यावर बुटांची रांग लागली.

"बगा!" चिमाआजी म्हणाल्या. "आनि हे सगळे ठीक होते!"

सिस्टर मात्र अजून करुणाकडे बघत होती. ती जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "गुरुवारी कळलं होतं तुला?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

करुणाने खाली बघितलं. खोटं सुचत होतं, पण ज्या तोंडाने रिपोर्ट दिला त्याच तोंडाने ते निघेना. "तुम्हाला दिसतंय का, ते बघायचं होतं मला."

सिस्टरने आजोबांच्या पायाकडे एकदा वळून पाहिलं. मग म्हणाली, "नाही दिसलं मला."

हेच ऐकायला करुणा पंधरा दिवस थांबली होती. पण ते ऐकून गोड काहीच लागलं नाही. कच्च्या काजूचा चीक जिभेला लागावा तसं वाटलं.

आईने घाईघाईने पिशवी भरून आणली. टॉवेल, गोळ्या, धुतलेला सदरा. बाबा लोट्याहून परस्पर रत्नागिरीला येणार होते. आजोबांना धरून गाडीत बसवलं. ते करुणाकडे बघत नव्हते. सिस्टर दाराशी कागद घेऊन उभी राहिली.

"आजोबा, हे मला परत लिहायचंय. घरी रोज पाय कोण बघतं?"

आजोबांनी दाराबाहेर पाहिलं. बाहेर सुभेदार उभे होते, अनवाणी. चिमाआजी होत्या. अख्खी वाडी होती.

"ही बगते," आजोबा शेवटी म्हणाले. त्यांनी हनुवटीने करुणाकडे खूण केली. "हवालदार करुणा. माझ्यावरची हाय ती. मीच येडा, तिला सुट्टी दिली." आणि मग त्यांनी तिच्याकडे बघितलं. "तू पन कमी नायस. बिनपगारी रजेवर बसलीस होय गो, अभ्यास करत?"

करुणाला रडू आणि हसू एकदमच आलं. कुठलं आधी बाहेर काढावं ते तिला कळेना.

सिस्टरने कागदावर खाडाखोड करून नवीन नाव लिहिलं. "बरं, हवालदार," ती म्हणाली, "पाच-सहा दिवस तिकडे मी बघते यांचे पाय. चालेल ना?"

नव्हतं चालणार! पाच-सहा दिवस रोज ती लांब वेणी आजोबांच्या पायाशी बसणार. आजोबा तिला कूच आणि बर्फाच्या गोष्टी सांगणार, आणि करुणा इथे पाढे म्हणत बसणार. मुलांनो, तुम्हाला वाटेल एवढं सगळं झाल्यावर मत्सर निघून गेला असेल. तसा तो जात नाही. तो तिथेच असतो; फक्त आता करुणाला तो दिसत होता, तळव्यातल्या खड्यासारखा, लख्ख.

ड्रायव्हरने गाडी सुरू केली. बोटीची वेळ होत आली होती.

करुणा खिडकीपाशी गेली. सिस्टरने काच खाली केली.

"दोरा ठेक्यात टोचू नका," करुणा म्हणाली. "आजोबा मोजतात. एक-दो-तीन झालं की यस म्हणतात. मध्येच थांबायचं. कधी टोचायचंच नाही. मग कळेल."

सिस्टरने सावकाश मान वळवून आजोबांकडे पाहिलं. आजोबा दुसऱ्या खिडकीतून आंब्याचा मोहर बघण्यात गुंग झाले होते.

गाडी हलली. तेव्हा करुणाने खिशात हात घातला आणि तो गोल आरसा बाहेर काढला. त्याच्यावर बोटांचे ठसे होते. तिने तो फ्रॉकला पुसला, पुन्हा एकदा पुसला, आणि गाडीबरोबर चार पावलं धावत जाऊन खिडकीतून पुढे केला. सिस्टरने तो धरला. करुणाची बोटं अजून दुसऱ्या कडेला होती, घट्ट.

"टाचेखाली तिरका धरायचा," ती म्हणाली. "आणि परत आणायचा."

मग तिने बोटं सोडली, टाचा जुळवल्या, आणि धूळ उडवत जाणाऱ्या गाडीला सॅल्यूट केला.